२३ दिवस की २ वर्षे? गावच्या आरोग्यकार्यकर्तीचे शिक्षण

रायगडच्या किनाऱ्यावरील एखाद्या कोळीवाड्यात किंवा आगरी वस्तीत बाळंतीण दवाखान्यातून घरी आली की तिसऱ्या दिवशी तिच्याकडे 'आशा' येते. ती बाळाचे वजन करते, अंगाला ताप आहे की अंग गार पडले आहे ते पाहते, श्वास मोजते, आई दूध कसे पाजते याकडे लक्ष देते. यातले बरेचसे काम इराणच्या खेड्यात 'बेहवर्ज' करतो किंवा करते, पाकिस्तानात 'लेडी हेल्थ वर्कर' करते. इथिओपियात, ब्राझीलमध्ये आणि नेपाळातही अशा कार्यकर्त्या आहेत.

काम थोड्याफार फरकाने सारखेच. पण त्यासाठी या कार्यकर्त्यांना किती शिकवले जाते? नेपाळात मूळ प्रशिक्षण १८ दिवसांचे. आपल्याकडे आशा योजना सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षासाठी २३ दिवस ठरले. पाकिस्तानात १५ महिने, तर इराणात तब्बल २ वर्षे!

एकच धडा एका शाळेत तीन आठवड्यांत संपतो आणि दुसऱ्या शाळेत दोन वर्षे चालतो असे कोणी सांगितले, तर शिक्षकाच्या मनात दोन शंका येतील. एक तर कोणी तरी घाई करत आहे, नाही तर कोणी तरी वेळ दवडत आहे. या दोन्ही शंका आपण तपासून पाहू. हा प्रश्न केवळ आरोग्यखात्याचा नाही. थोडे शालेय शिक्षण झालेल्या प्रौढ व्यक्तीला जिवावर बेतणाऱ्या गोष्टी कशा शिकवाव्यात, हा शिक्षणाचाच प्रश्न आहे.

शिडीची वरची टोके

सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण म्हटले की आधी विद्यापीठे डोळ्यांपुढे येतात. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १९१६ मध्ये या विषयाची स्वतंत्र शाळा निघाली. भारतात कोलकात्याची अखिल भारतीय स्वच्छताशास्त्र व सार्वजनिक आरोग्य संस्था १९३२ पासून आहे. तरी आपल्याकडे हा विषय मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांतील एक विभाग म्हणूनच वाढला. डॉक्टर नसलेल्या पदवीधरांनाही प्रवेश देणारे अभ्यासक्रम बऱ्याच उशिरा आले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत असा पदव्युत्तर अभ्यासक्रम १९९७ मध्ये सुरू झाला. ही वरची टोके महत्त्वाची आहेतच. पण बाळाच्या खाटेपाशी जी पोहोचते ती शिडीची सर्वांत खालची पायरी, म्हणून येथे तिचाच विचार करू.

मांडव्याचा धडा

मुंबईच्या गेटवेवरून समोर पाहिले की खाडीपलीकडे मांडव्याचा किनारा दिसतो. अंतर थोडे, पण १९७०-८० च्या काळात पावसाळा लागला की लाँच बंद होत आणि पेण-पनवेलचा लांबचा रस्ता तेवढा उरे. देशातील उत्तमोत्तम रुग्णालये पलीकडे आणि अलीकडे मात्र जुलाबाने मरणारी मुले, अशी स्थिती होती.

जे. जे. रुग्णालयातील प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांचे या विरोधाभासाकडे लक्ष गेले. कुष्ठरोगाने विकृत झालेले हात आणि चेहरे शस्त्रक्रियेने सुधारण्यात त्यांची ख्याती होती. रोग वेळेवर ओळखला तर शस्त्रक्रियेची पाळीच येऊ नये, या विचाराने ते शल्यगृहातून गावाकडे वळले. १९७० च्या दशकात त्यांनी व 'फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ' या संस्थेतील सहकाऱ्यांनी मांडवा परिसरातील सुमारे ३० गावांत, सुमारे ३०,००० वस्तीसाठी एक प्रयोग केला. हा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ मध्ये मिळाले.

प्रयोगाचे सूत्र साधे होते. गावातीलच अल्पशिक्षित बायकांना निवडायचे आणि घरकाम व शेतकाम सांभाळून अर्धवेळ काम करता करता शिकवायचे. जुलाब झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, गरोदर बाईची काळजी कशी घ्यावी, क्षयाच्या रुग्णाची गोळी कशी चुकू देऊ नये, कुष्ठरोगाचा पहिला चट्टा कसा ओळखावा, असा हा अभ्यासक्रम.

कुष्ठरोगाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. या रोगात त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा उठतो आणि त्या जागी स्पर्श कळत नाही. कापसाच्या बोळ्याने किंवा टाचणीच्या टोकाने ही बधिरता तपासता येते. ज्ञान एवढेच. पण बाहेरून आलेल्या पुरुष तपासनिसाला गावातली बाई पाठ उघडी करून दाखवणार नाही. शेजारीण मात्र विहिरीवर, न्हाणीघराशी, मुलाला तेल लावताना सहज पाहते आणि विचारते. तिला शिकवायचे ते थोडेच असते, कारण पोहोचण्याचे अवघड काम तिच्या नात्यागोत्याने आधीच केलेले असते.

डॉ. अंतिया यांनी १९८६ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या प्रयोगाविषयी लिहिले. बहुतेक साधे आजार गावातच हाताळता येतात, असा त्यांचा आग्रह होता. पण या बायकांना सरकारी यंत्रणेत कायमची जागा मिळाली नाही आणि प्रयोग थांबला. मांडव्याचा धडा त्यामुळे दुहेरी आहे. थोडे शिकलेली बाई पुष्कळ करू शकते हा एक. आणि तिच्या शिकण्याला मागून आधार देणारी स्थायी व्यवस्था नसेल, तर ते शिक्षण टिकत नाही हा दुसरा.

देशोदेशीचे वर्ग

आता इतर देशांकडे पाहू. तुलना सोपी जावी म्हणून मुख्य गोष्टी एकत्र मांडल्या आहेत.

नेपाळ (१९८८ पासून) : महिला आरोग्य स्वयंसेविका. मूळ प्रशिक्षण १८ दिवस.
भारत (२००५ पासून) : आशा. मूळ अट आठवीपर्यंत शिक्षण. पहिल्या वर्षी २३ दिवस. साधारण १,००० वस्तीला एक.
इथिओपिया (२००३ पासून) : आरोग्य विस्तार कार्यकर्ती. दहावी. १ वर्ष. सुमारे ५,००० वस्तीला दोघी, सरकारी पगारावर.
पाकिस्तान (१९९४ पासून) : लेडी हेल्थ वर्कर. आठवी. ३ महिने वर्गात आणि १२ महिने कामाबरोबर. साधारण १,००० वस्तीला एक.
इराण (१९८० च्या दशकात देशभर विस्तार) : बेहवर्ज. २ वर्षे. साधारण १,५०० वस्तीच्या 'आरोग्यघरा'त नेमणूक.

तक्त्यातील दोन टोके आधी तपासू. इराणात बेहवर्जची निवड त्याच गावातून किंवा शेजारच्या गावातून होते. प्रशिक्षणकेंद्र जिल्ह्याच्या पातळीवर असते, शिक्षण मोफत असते आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षे गावात सेवा करण्याचा करार असतो. या दोन वर्षांत केवळ वर्ग भरत नाहीत. काही काळ केंद्रात आणि काही काळ आरोग्यघरात जुन्या बेहवर्जच्या हाताखाली, अशी आलटून पालटून शिकवणी चालते. शिकून झाल्यावर ती व्यक्ती सरकारी यंत्रणेची पूर्णवेळ सेवक होते. खेडी आणि शहरे यांच्या बालमृत्यूच्या प्रमाणातील अंतर इराणात पुढील काळात बरेच घटले. त्यात या व्यवस्थेचा मोठा वाटा मानला जातो.

मग नेपाळचे १८ दिवस म्हणजे घाई का? तसेही नाही. नेपाळी स्वयंसेविकांचे गाजलेले काम म्हणजे वर्षातून दोनदा मुलांना 'अ' जीवनसत्त्वाचा डोस देणे. कोणत्या वयाच्या मुलाला किती द्यायचे आणि नोंद कशी करायची, एवढे त्यासाठी पक्के यावे लागते. ठरावीक, मर्यादित आणि पुन्हा पुन्हा करायच्या कामाला थोडे प्रशिक्षण पुरते.

म्हणजे नुसते दिवस मोजून उत्तर मिळत नाही. दिवसांना कामांनी भागले पाहिजे. आपल्या आशांची अडचण येथेच आहे. सुरुवातीला काम मुख्यतः गरोदर बायकांना दवाखान्यापर्यंत नेणे आणि लसीकरणासाठी मुले जमवणे, असे होते. पुढे नवजात बाळाच्या घरभेटी आल्या, क्षयाच्या गोळ्या आल्या, मधुमेह व रक्तदाबाच्या तपासणीची यादी आली, २०२० मध्ये कोविडचे घरोघर सर्वेक्षण आले. प्रशिक्षणही वाढले. नवजात बाळाच्या काळजीसाठी प्रत्येकी पाच दिवसांच्या चार फेऱ्या आणि असंसर्गजन्य आजारांसाठी आणखी पाच दिवस अशी भर पडली. तरी कामांची यादी आणि शिकण्याचे दिवस यांची शर्यत चालूच आहे आणि यादी नेहमी पुढे असते.

चीनची गोष्ट वेगळा मुद्दा दाखवते. १९६८ पासून तेथे 'अनवाणी डॉक्टर' हे नाव देशभर गाजले. शेतकऱ्यांतूनच निवडलेल्या तरुणांना साधारण ३ ते ६ महिने शिकवून परत पाठवले जाई. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत त्यांची संख्या दहा लाखांवर गेली. त्यांचा मोबदला सामूहिक शेतीच्या हिशेबातून येत असे. १९८० च्या दशकात सामूहिक शेती मोडली आणि मोबदल्याची वाटही मोडली. १९८५ मध्ये ते नाव सरकारने सोडले. जे परीक्षा उतरले ते 'ग्रामडॉक्टर' झाले, इतरांनी काम सोडले. प्रशिक्षणाची पुस्तके तीच होती. कोसळला तो त्यांच्या खालचा आधार.

भारतानेही २ ऑक्टोबर १९७७ रोजी हजार वस्तीला एक आरोग्यरक्षक नेमण्याची योजना सुरू केली होती. प्रशिक्षण ३ महिन्यांचे, म्हणजे आशाच्या २३ दिवसांच्या कितीतरी पट. तरी ती योजना मागे पडली. निवडलेल्यांत पुरुषांचा भरणा होता, माता-बालकांपर्यंत त्यांची पोहोच कमी होती आणि प्रशिक्षणानंतर त्यांच्याकडे फिरून पाहणारे फारसे कोणी नव्हते.

तुलना करताना जपून

प्रयोगशाळेत आम्ही एका वेळी एकच घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो. देशांच्या बाबतीत हे शक्य नसते. इराणात प्रशिक्षण लांब आहे, पण तेथे पगार, इमारत, औषधांचा पुरवठा हेही वेगळे आहे. त्यामुळे 'दोन वर्षे शिकवले म्हणून बालमृत्यू घटले' असे विधान शास्त्राला धरून होणार नाही.

म्हणूनच गडचिरोलीचा अभ्यास मोलाचा ठरतो. 'सर्च' संस्थेच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९९३ ते १९९८ या काळात ३९ गावांत प्रयोग केला आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. प्रयोगाच्या गावांत पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला, जंतुसंसर्ग ओळखायला आणि त्यावर प्रतिजैविक द्यायलाही शिकवले. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. 'लॅन्सेट'ने हे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध केले. जिल्हा तोच, गरिबी तीच, दवाखान्याचे अंतर तेवढेच. वेगळी होती ती प्रशिक्षित बाई आणि तिच्यामागची देखरेख. नवजात बाळासाठी आशाने घरभेटी द्याव्यात, ही देशभरची योजना २०११ मध्ये सुरू झाली. तिचे मूळ या कामात आहे.

एक कौशल्य : श्वास मोजणे

'शिकवले' म्हणजे नेमके काय, हे एका उदाहरणाने पाहू. न्यूमोनिया झालेल्या मुलाच्या फुप्फुसात हवेला जागा कमी उरते, म्हणून ते मूल भरभर श्वास घेते. घड्याळ लावून श्वास मोजले की स्टेथोस्कोपशिवायही धोका ओळखता येतो. दोन महिन्यांच्या आतील बाळाला मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षे ४० किंवा अधिक, या संख्या धोक्याच्या समजतात.

व्याख्यानात हे सांगायला पाच मिनिटे पुरतात. पण करताना काय होते? बाळ रडत असेल तर श्वास वाढलेलाच असतो, म्हणून ते शांत होईपर्यंत थांबावे लागते. पोटाची वर-खाली हालचाल दिसण्यासाठी कपडा वर घ्यावा लागतो. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो. मध्येच भरभर, मध्येच थबकतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणले तर मोजण्यातली एका श्वासाची चूक चार श्वासांची होते आणि ५८ चे ६२ होऊ शकतात. म्हणून पूर्ण मिनिट मोजायचे. साठ आले तर पुन्हा एकदा मोजायचे.

हे पुस्तक वाचून येत नाही. पाच-पंचवीस खऱ्या बाळांचे श्वास जाणत्या माणसाच्या शेजारी बसून मोजले आणि दोघांचे आकडे ताडून पाहिले की येते. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नव्हते अशा सुइणींसाठी 'सर्च'ने मणी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ असलेले साधे उपकरण केले. शिकणारीला अंक येत नाहीत म्हणून तिला बाद करण्याऐवजी साधन तिच्या मापाचे केले, हे शिक्षकांनी मुद्दाम लक्षात घ्यावे.

आलेले कौशल्य विसरूही शकते. महिना-महिना आजारी बाळ दिसले नाही तर हात बसलेला राहत नाही. जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून उभारलेल्या प्रकल्पात गावोगावच्या आरोग्यकार्यकर्त्या ठरावीक दिवशी पुन्हा पुन्हा केंद्रात येत. आठवड्यात काय घडले ते सांगत, अडलेले विचारत, एखादी नवी गोष्ट शिकून परत जात. त्यांच्या प्रशिक्षणाचे एकूण दिवस कोणी विचारले तर सांगता येणार नाहीत, कारण ते संपलेलेच नव्हते.

अभ्यासक्रम कोठून यावा?

रायगड जिल्ह्यातच याचे उत्तम उदाहरण आहे. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्कर रुजू झाले. कोकणात लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. महानगरातील रुग्णालयात घडलेल्या वैद्यकीय शिक्षणात या आजाराला फारशी जागा नव्हती. डॉ. बावस्करांनी रुग्णांजवळ बसून निरीक्षणे केली. दरदरून घाम, उलटी, थंडगार हातपाय आणि नंतर फुप्फुसात पाणी, हा क्रम त्यांनी नोंदला. १९८२ मध्ये 'लॅन्सेट'ने त्यांची निरीक्षणे छापली. पुढे रक्तदाबावरील प्राझोसिन हे साधे, तोंडाने घ्यायचे औषध यावर उपयोगी पडते हे त्यांनी दाखवले. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी सुमारे ३० टक्के दगावत. ते प्रमाण अगदी थोड्या टक्क्यांवर आले. मग त्यांनी हे ज्ञान ग्रामीण डॉक्टरांपर्यंत नेले.

यातून प्रशिक्षणाचा एक नियम निघतो. देशभर एकच पुस्तक हवे, पण त्यात स्थानिक पाने हवीत. भातशेतीच्या खारपट्ट्यात साप, विंचू आणि पावसाळ्यातील ताप, कातकरी वाड्यांत कुपोषण, कोळीवाड्यांत महिनोन्महिने समुद्रावर असणाऱ्या माणसांचे चुकणारे उपचार, ही पाने दिल्लीत लिहिता येणार नाहीत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर परिसरात धडकले, तेही कोविडच्या टाळेबंदीत. अशा दिवशी रस्ते, वीज, फोन सगळे ठप्प होते आणि गावात जी आधीपासून आहे तीच आरोग्यसेवा उरते. तिला काय येते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

शिकलेलीला पुढे वाट

शाळेत मूल पुढच्या वर्गात जाते. आरोग्यकार्यकर्तीचा पुढचा वर्ग कोणता? इथिओपियात कार्यकर्त्यांना वरच्या पातळीचा अभ्यासक्रम पुरा करण्याची सोय केली गेली. ब्राझीलने २००२ मध्ये कायद्याने या कामाला व्यवसायाचा दर्जा दिला आणि २०२२ मध्ये किमान वेतनाची हमी संविधानात घातली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही सांगतात की प्रशिक्षणाची लांबी कामांवरून ठरवावी, प्रत्यक्ष कौशल्यावर भर द्यावा आणि कामाचा योग्य मोबदला द्यावा.

आपली आशा मात्र कागदोपत्री अजून स्वयंसेविका आहे. कामागणिक मोबदला आणि त्यात जोडलेली ठरावीक मासिक रक्कम तिला मिळते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील दहा लाखांहून अधिक आशांचा गौरव केला. गौरव योग्यच, पण त्याने पुढची इयत्ता मिळत नाही. अलिबागला २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे विद्यार्थी वस्त्यांवर जाऊन आशांबरोबर काम करतील आणि आशा तेथे येऊन शिकतील, अशी देवाणघेवाण घडली तर मांडव्याला न मिळालेला आधार मांडव्याच्याच तालुक्यात उभा राहू शकेल.

तेव्हा २३ दिवस की २ वर्षे? प्रश्नच थोडा बदलायला हवा. कोणाला निवडले, तिच्यावर किती कामे टाकली, खऱ्या रुग्णापाशी बसून किती शिकवले, पुन्हा कधी बोलावले आणि अडली तर विचारायला कोण आहे, हे पाच प्रश्न विचारावेत. दिवसांचा आकडा त्यांच्या उत्तरांतून आपोआप निघतो.

वर्गात करून पाहा

१. मुलांच्या जोड्या करा. एकाने शांत बसावे, दुसऱ्याने त्याचे श्वास आधी १५ सेकंद मोजून चाराने गुणावेत, नंतर पूर्ण मिनिट मोजावेत. हे तीन वेळा करून दोन्ही पद्धतींतील फरक फळ्यावर मांडा. कोणती पद्धत अधिक विश्वासार्ह आणि का, ते मुलांनाच सांगू द्या.

२. गावच्या आशाताईंना वर्गात बोलवा. त्यांची कामे मुलांनी लिहून काढावीत आणि प्रत्येक कामापुढे 'प्रशिक्षणात शिकल्या' की 'कामातून शिकल्या' अशी खूण करावी. दुसऱ्या रकान्यातील खुणा जास्त आल्या, तर त्याचा अर्थ काय, यावर चर्चा घ्या.

३. आपल्या वस्तीपासून उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय यांची अंतरे नकाशावर दाखवा. तेथे पोहोचायला उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात किती वेळ लागतो, ते घरच्या मोठ्यांना विचारून लिहा.